पुण्याहून परदेशी फ्लाइट पकडायची तर घरातून किती वाजता निघायचं

कुणालाही विचारा, "इंटरनॅशनल आहे ना, मग तीन तास आधी पोचा" हेच उत्तर मिळतं. चुकीचं नाहीये ते, पण हे तीन तास अंधेरीत राहणाऱ्या माणसाला पुरतात, कोथरूड, हडपसर किंवा चिंचवडहून निघणाऱ्याला नाही. कारण आपण पुणेकर बहुतेक वेळा मुंबई विमानतळाच्या टी२, म्हणजे टर्मिनल दोनवरून उडतो आणि मधे जवळपास दीडशे किलोमीटर, बोरघाट, वाशीचा पूल आणि चेंबूर-कुर्ल्याचं ट्रॅफिक हे सगळं येतं. तीन तास आधी पोचायचं म्हणजे टर्मिनलच्या दारात पोचायचं, घरातून निघायची वेळ वेगळी काढावी लागते, आणि पहिल्यांदा जाणारे लोक नेमके इथेच गोंधळतात. आमच्या घरात शिकायला, नोकरीला, मुलांकडे राहायला असं कोणी ना कोणी सतत जात असतं आणि त्यांच्या निघायच्या वेळा मीच काढून देते, तेच इथे एकेक करून लिहिते.

१. आधी तिकीट नीट वाचा, तारखेपासून

मुंबईहून परदेशी जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट मध्यरात्रीनंतर, म्हणजे १२ ते ५ च्या मधे असतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:५० वेळ असेल तर तुम्हाला पुण्यातून १४ तारखेच्या दुपारी-संध्याकाळी निघायचंय. हे वाचताना सोपं वाटतं, पण घरात सगळेजण "पंधराला जायचंय" म्हणत असतात, कॅब १५ ची बुक होते, ऑफिसची सुट्टी १५ पासून टाकली जाते आणि १५ च्या रात्री निघेपर्यंत विमान कालच गेलेलं असतं. म्हणून तिकीट आलं की कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहूच नका, "१४ तारीख, दुपारी ४, घरातून निघणे" असं लिहा आणि घरात सगळ्यांना तेच सांगा.

दुसरं बघायचं ते विमानतळ. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचं विमानतळ चालू झालं, सुरुवात देशांतर्गत फ्लाइटने झाली. आता तिकिटावर नुसतं मुंबई वाचून चालत नाही, कोड बघा. बीओएम म्हणजे अंधेरी-सहारचं जुनं, छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई. एक्सप्रेसवे संपला की दोन्हीकडचे रस्ते वेगळे होतात, ड्रायव्हरलाही निघतानाच सांगून ठेवा.

तिसरं, दुसऱ्या शहरातून कनेक्टिंग असेल तर दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर आहेत का ते बघा. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-लंडन अशी एकाच बुकिंगवर असतील तर पुण्यातच बॅगा पुढपर्यंत टाकता येतात का ते एअरलाइनला आधी विचारून घ्या, आणि पहिली फ्लाइट लेट झाली तर पुढची सोय एअरलाइन बघते. स्वस्त पडतंय म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर दिल्लीत बॅगा घ्यायच्या, बाहेर यायचं, परत चेक-इन करायचं, आणि पहिली लेट झाली तर दुसऱ्या एअरलाइनला त्याचं काही देणंघेणं नसतं. अशा वेळी मधे पाच-सहा तास तरी ठेवा. जमत असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने हा प्रकार करूच नये.

२. विमान सुटायची वेळ धरू नका, काउंटर बंद व्हायची धरा

विमान सुटायची वेळ ही वैमानिकाची वेळ. तुमची वेळ म्हणजे चेक-इन काउंटर बंद होतं ती. इंटरनॅशनलला बहुतेक एअरलाइन ६० ते ७५ मिनिटं आधी काउंटर बंद करतात, नक्की आकडा तुमच्या एअरलाइनच्या साइटवर मिळतो, तो शोधून लिहून ठेवा. एकदा बंद झालं की समोर विमान उभं असलं तरी बॅग घेत नाहीत, कितीही विनवण्या करा.

आता उलटं मोजत या. समजा सोमवारी पहाटे १:४५ ची फ्लाइट आहे आणि तुम्ही कोथरूडला राहता.

काउंटर बंद: रात्री १२:४५
टर्मिनलच्या दारात: रात्री १०:३०, म्हणजे सव्वातीन तास आधी
रस्ता: ४ तास, म्हणजे ६:३०
अडचणीसाठी राखीव: दीड तास, म्हणजे ५ वाजता
रविवारची संध्याकाळ आहे म्हणून अजून एक तास: दुपारी ४ वाजता

लोकांना ४ वाजता निघणं म्हणजे अती वाटतं. "रस्ता मोकळा असेल तर ८ लाच पोचू, मग तिथे काय करायचं?" काही नाही, बसायचं. वाटेत फूड मॉलला नीट जेवून घ्या, पाय मोकळे करा. दोन तास बसावं लागलं तर कंटाळा येतो एवढंच, पण विमान चुकलं तर नवीन तिकिटाचे पैसे जातात आणि कॉलेजचं ओरिएंटेशन नाहीतर नोकरीचा पहिला दिवस हुकतो तो वेगळाच.

मात्र उलट टोकही गाठू नका. काउंटर साधारण तीन ते चार तास आधी उघडतात, त्याआधी बॅगा घेत नाहीत, म्हणजे सात-आठ तास आधी पोचलात तर सगळं सामान सांभाळत बसून राहावं लागतं. बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर ते फार जड जातं.

डिसेंबर-जानेवारी, मे महिना, दिवाळीचे दिवस आणि ऑगस्ट-सप्टेंबर, म्हणजे विद्यार्थी जायचा सीझन, या काळात टर्मिनलला सव्वातीनऐवजी चार तास धरा.

३. रस्ता

सगळ्यात जास्त वेळ हाच खातो आणि सगळ्यात कमी विचार याचाच होतो.

पुणे-मुंबई एक्सप्रेसवे किवळ्यापासून कळंबोलीपर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर आहे. पण किवळ्याला पोचायचं कसं ते आधी बघा. हडपसर, खराडी, मुंढव्याहून एक्सप्रेसवेला लागेपर्यंतच संध्याकाळी तास-सव्वा तास सहज जातो. कोथरूड-वारजेकरांना चांदणी चौकातून बायपासने वाकड, रावेत असं जावं लागतं आणि ५ ते ८ च्या दरम्यान हिंजवडीची ऑफिसं सुटतात तेव्हा भूमकर चौक आणि वाकडच्या आसपास गाड्या हलत नाहीत. म्हणून संध्याकाळी निघायचं असेल तर ४:३० च्या आत वाकड ओलांडा.

वाराचं गणित पण लक्षात ठेवा. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी मुंबईकडून पुण्याकडे येणारी लेन भरते, आपल्याला तिचा तितका त्रास नसतो. रविवारी दुपारनंतर उलटं होतं, लोणावळा-महाबळेश्वर करून आलेले सगळे मुंबईला परत निघतात आणि आपण त्यांच्यात सापडतो. सलग सुट्ट्यांचा शेवटचा दिवस असेल तर एक नाही, दोन तास जास्त धरा. पावसाळ्यात त्यात घाटातलं धुकं, मंद गाड्या आणि दरडीची भीती असते, २०२३ च्या जुलैमध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड आली तेव्हा मुंबईकडची वाहतूकच थांबली होती. शिवाय एक्सप्रेसवेवर कामासाठी अधूनमधून दुपारचे एक-दोन तासांचे ब्लॉक घेतात, आदल्या दिवशीच्या पेपरात किंवा बातम्यांत ते येतं, तेवढं बघून ठेवा.

पुण्याचे स्वतःचे दोन दिवस वेगळे धरायचे. अनंत चतुर्दशीला मध्य पुण्यातले रस्ते बंद असतात, ते दुसऱ्या दिवसापर्यंत. पेठांमध्ये राहत असाल आणि त्या रात्रीची फ्लाइट असेल तर सकाळीच सामानासकट नातेवाइकाकडे औंध-बाणेरला जाऊन बसा. दुसरा, पालख्या पुण्यात येतात तो दिवस, वाकडेवाडीचा जुना मुंबई रस्ता आणि आजूबाजूचे रस्ते वारकऱ्यांसाठी ठेवलेले असतात, तेव्हा शहराच्या बाहेरून जा.

कळंबोलीनंतर नेहमीचा रस्ता सायन-पनवेल, वाशी खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर, मग सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर टोल नाही, त्यामुळे वाशीला थांबावं लागत नाही, पण पुलावर एक ट्रक बंद पडला की रांग बेलापूरपर्यंत जाते. मॅपवर तिकडे लाल दिसलं तर ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, मुलुंड आणि पवईवरून मरोळला निघता येतं, लांब पडतं पण चालतं राहता येतं. अटल सेतूने जाऊ का असं बरेच जण विचारतात. तो शिवडीला उतरवतो, तिथून परत उत्तरेला अंधेरीपर्यंत यायचं, त्यामुळे विमानतळासाठी तो पहिला पर्याय नाही, वाशी पूर्ण तुंबली असेल तरच.

अजून एक, कॅब सीएनजीची असेल तर गॅस भरून आणायला आदल्या दिवशीच सांगा. तुम्ही बसल्यावर ड्रायव्हर "पाच मिनिटं, गॅस भरतो" म्हणून पंपावर घेतो आणि पुढे वीस गाड्यांची रांग असते. फास्टॅगमध्ये बॅलन्स आहे ना हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

४. कशाने जायचं

स्वतंत्र कॅब सगळ्यात सोयीची, विशेषतः दोन मोठ्या बॅगा असतील तर. बुक करताना किती बॅगा आहेत ते सांगा, कारण सीएनजीच्या छोट्या गाडीत डिकी टाकीनेच भरलेली असते. चार माणसं आणि आठ बॅगा असतील तर मोठी गाडी लागते, कॅरिअरवर बॅगा टाकून पावसाळ्यात घाटातून जाऊ नका.

शेअर कॅब स्वस्त पडते. ती तीन-चार प्रवाशांना वेगवेगळ्या भागातून उचलते, त्यामुळे पिकअपलाच पाऊण तास जातो. बुकिंगवाले फ्लाइटची वेळ विचारून तुम्हाला गाडीची वेळ देतात. त्यांनी दिलेल्या वेळेच्या आधीची गाडी मागा, मिळते.

शिवनेरी बसने दादरला जाता येतं, ट्रेनने पण दादरच सोयीचं. डेक्कन क्वीन सकाळी ७:१५ ला पुण्याहून सुटते, दुपारनंतरची फ्लाइट असेल तर चालते. आता दादरहून मेट्रो ३ आहे आणि तिचं टी२ ला स्वतःचं स्टेशन आहे, ही गोष्ट खरंच कामाची झालीये, कारण मुंबईतलं ट्रॅफिक पूर्ण टळतं. पण हे एक बॅग आणि एक सॅक असलेल्या तरण्या माणसासाठी. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन दादरचे जिने चढणं आणि मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जाणं हे कुणालाही सांगणार नाही. शिवाय मेट्रो रात्रभर नसते.

सकाळी ६ ते ९ मधली फ्लाइट असेल तर वेळेप्रमाणे रात्री १० ते १ च्या मधे पुणे सोडावं लागतं. त्या वेळी रस्ता मोकळा असतो पण ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून आलेला असू शकतो, आणि घाटात पहाटे डुलकी लागली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्याला सरळ विचारा, "दादा, दुपारी झोप झाली का?" आणि एकाने पुढे बसून जागं राहा. किंवा आदल्या संध्याकाळी जाऊन मरोळ-अंधेरीला मुक्काम करा, आई-बाबांना तर तेच बरं.

५. कागदपत्रं

एका फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर हँडबॅगेत. चेक-इन बॅगेत कागद टाकून मग काउंटरवर बॅग उघडत बसणारे लोक दर वेळी दिसतात.

पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी व्हॅलिड असलेला. जुन्या पासपोर्टवर व्हिसा असेल तर तोही बरोबर.
व्हिसा, ई-व्हिसा असेल तर प्रिंट काढलेली. फोनवर आहे म्हणू नका, बॅटरी संपते.
तिकिटाची प्रिंट, परतीच्या तिकिटासकट. फिरायला जाणाऱ्याला हे विचारतातच.
राहण्याचा पत्ता: हॉटेल बुकिंग, किंवा मुलांकडे जात असाल तर त्यांचं पत्र आणि पत्ता.
ट्रॅव्हल इन्शुरन्स.
विद्यार्थी असाल तर कॉलेजचं ॲडमिशन लेटर आणि फीच्या पावत्या, अमेरिकेला जात असाल तर आय-२० मूळ प्रत.
फॉरेक्स कार्ड आणि थोडी नोटांमधली परकीय चलनं. नोटा बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. पुण्यातच घ्या, विमानतळावर दर महाग पडतो.
औषधांची चिठ्ठी, डॉक्टरच्या सहीची.

नावाचं बघा. लग्नानंतर नाव बदललंय पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, आणि नवऱ्याने तिकीट काढताना सासरचं आडनाव टाकलंय, हे आपल्याकडे फार होतं. तिकीट पासपोर्टप्रमाणेच हवं, अगदी अक्षर न् अक्षर. चूक असेल तर आजच एअरलाइनला फोन करा, काउंटरवर ते होत नाही.

मधे दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघा. नियम बदलत असतात, मित्राला गेल्या वर्षी लागला नव्हता यावर विसंबू नका. आणि पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शिक्का असेल आणि आखाती देशात नोकरीला जात असाल तर एमिग्रेशनची, म्हणजे परदेशी कामाला जायची, वेगळी सरकारी परवानगी लागते, ती आधी काढल्याशिवाय घरातून निघू नका.

६. सामान आणि खाऊ

इथे वेळ जातो आणि तो सगळा टाळता येण्यासारखा असतो. टी२ वर काउंटरसमोर दर वेळी कुठलं तरी कुटुंब जमिनीवर बॅगा उघडून बसलेलं असतं, एका बॅगेचं वजन २६ झालेलं, दुसऱ्यात जागा नाही, आई लोणच्याची बरणी हातात घेऊन उभी, मुलगा "काढ ना ते" म्हणतोय आणि मागे रांग वाढतीये. घरी वजनकाटा आणा, हुकवाला छोटा काटा स्वस्तात मिळतो, आणि मर्यादेपेक्षा एक किलो कमीच भरा. तिकिटावर "दोन नग, २३ किलो" आहे की "एकूण ३० किलो" आहे ते वाचा, दोन्ही वेगळं असतं. कितीही पैसे भरायची तयारी असली तरी ३२ किलोवरची एक बॅग घेत नाहीत.

आता खाऊ. आपण पुणेकर बाकरवडी, गोडा मसाला, करंज्या-अनारसे दिल्याशिवाय कुणाला पाठवत नाही, पण देश बघून द्या.

दुबई किंवा आखातात जाणाऱ्याला खसखस अजिबात देऊ नका. तिथे खसखस अमली पदार्थात मोजतात आणि लोकांना त्यापायी तुरुंगात जावं लागलंय. नुसती पुडी नाही, अनारशावर लावलेली, करंजीच्या सारणातली, मसाल्यात वाटलेली पण. बाकरवडीच्या सारणात सुद्धा बऱ्याचदा असते, पाकिटावरची यादी वाचा. दुबईला फक्त विमान बदलायचं असलं तरी मी ती सोबत ठेवायला सांगणार नाही.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. स्कॅनमध्ये दिसल्या की तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात, आणि तो बोलावण्याचा वेळ तुमच्या तीन तासांतून जातो. पूजेचं सामान देताना कापूर आणि काडेपेटी काढून टाका.

अमेरिकेला हापूस आणि कढीपत्ता नेऊ नका, उतरल्यावर काढून घेतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जे काही खायचं नेताय ते फॉर्मवर लिहून जाहीर करा, लपवलं तर जागेवर दंड होतो, लिहिलं तर फार तर काढून घेतात.

लोणचं, तूप, चटणीचं तेल हँडबॅगेत नको, तिथे कुठलाही पातळ पदार्थ १०० मिलीच्या वर चालत नाही. चेक-इनमध्ये टाकताना बरणी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून, बॅगेच्या मधोमध.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मात्र उलट, फक्त हँडबॅगेत. चेक-इन बॅगेत राहिली तर परत तेच, बोलावणं येतं. २०,००० एमएएचपर्यंतची असेल तर काळजी नाही.

दागिने जास्त नेणार असाल, लग्नाला वगैरे, तर जाताना कस्टमच्या डेस्कवर त्यांची नोंद करून सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत येताना "हे तिकडून आणलं का" असा प्रश्न येत नाही. घरूनच वजन आणि किंमत लिहिलेली सराफाची पावती न्या. याला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास वेगळा धरा.

७. टर्मिनलच्या दारापासून गेटपर्यंत

दारावर सीआयएसएफचा जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो. डिजीयात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जायची सोय, डोमेस्टिकसाठी आहे, इंटरनॅशनलला तिच्यावर अवलंबून राहू नका. पोचवायला आलेल्यांना आत सोडत नाहीत, त्यामुळे निरोप, फोटो, पाया पडणं सगळं बाहेरच आटपा, आणि त्यालाही दहा मिनिटं लागतातच.

आत गेल्यावर मोठ्या स्क्रीनवर तुमच्या फ्लाइटचा नंबर शोधा, समोर काउंटरचं अक्षर असतं. वेब चेक-इन घरून करून या, सीट मिळून जाते, पण त्याने रांग संपत नाही, बॅग टाकायला आणि व्हिसा दाखवायला काउंटरवर जावंच लागतं. बोर्डिंग पास हातात आला की बॅगेचा टॅग शेवटच्या शहरापर्यंत आहे का तो वाचा आणि चिठ्ठी पासपोर्टला लावून घ्या.

मग इमिग्रेशन. भारतीयांना जाताना फॉर्म भरावा लागत नाही, ते २०१७ च्या जुलैपासून बंद झालं. अधिकारी कुठे, कशासाठी, किती दिवस एवढं विचारतो, सरळ उत्तर द्या, जास्तीची माहिती सांगत बसू नका. मध्यरात्रीच्या गर्दीत इथे पाऊण तास जाऊ शकतो. वारंवार जाणारे असाल तर फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची नोंदणी करून टाका, गृह मंत्रालयाच्या साइटवर होते, फी नाही, मुंबईत ती सोय जानेवारी २०२५ पासून आहे आणि ई-गेटमधून जाता येतं.

पुढे सिक्युरिटी. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये. पाण्याची बाटली रिकामी करून न्या, आत भरता येते. बेल्ट, नाणी, किल्ल्या आधीच सॅकमध्ये टाकून ठेवा.

त्यानंतर थेट गेटवर जा, दुकानं मग बघा. टी२ मोठं आहे, शेवटच्या गेटपर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तिथे प्रत्येक फ्लाइटची घोषणा होत नाही, स्क्रीनकडेच लक्ष ठेवावं लागतं, गेट नंबर बदललेला पण स्क्रीनवरच कळतो. बोर्डिंग साधारण तासभर आधी सुरू होतं आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद.

८. आई-बाबा एकटे जाणार असतील तर

मुलांकडे अमेरिकेला, जर्मनीला पहिल्यांदाच निघालेले साठी-सत्तरीचे आई-बाबा, इंग्रजी बोलायची भीती, गुडघे दुखतात. यांच्यासाठी व्हीलचेअर मागा, चालता येत असलं तरी. लाज वाटायचं काही कारण नाही, लांबच लांब चालणं वाचतं आणि बरोबरचा माणूस इमिग्रेशन, सिक्युरिटीतून गेटपर्यंत नेतो. ४८ तास आधी एअरलाइनला फोन करून नोंद करा आणि तिकिटावर ती दिसतीये ना बघा. पण व्हीलचेअर आहे म्हणून उशिरा पोचू नका, सीझनमध्ये मागणी इतकी असते की माणूस यायलाच अर्धा तास जातो. त्यांना चार तास आधीच पोचवा.

एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्या: कुठे उतरायचं, कुठे विमान बदलायचं, पुढच्या फ्लाइटचा नंबर, मुलाचा पत्ता आणि फोन. औषधं दोन-तीन दिवसांची हँडबॅगेत. रात्रीचं जेवण रस्त्यात नीट करवून द्या, कारण विमानात जेवण मिळेपर्यंत पहाटेचे तीन वाजतात आणि डायबेटिस असेल तर तेवढं थांबणं बरं नाही. आणि पोचवणाऱ्याने त्यांचं विमान सुटेपर्यंत बाहेर थांबावं, निदान इमिग्रेशन पार झाल्याचा फोन येईपर्यंत तरी.

९. लोहगावहून थेट असेल तर

लोहगावहून, म्हणजे पुण्याच्या विमानतळावरून, मोजक्याच इंटरनॅशनल फ्लाइट असतात, पण मिळाली तर सगळा घाट वाचतो. तरी टर्मिनलला तीन तास आधी पोचाच. नगर रोड, विमाननगर आणि ५०९ चौक संध्याकाळी फार अडकतात, कोथरूड-सिंहगड रोडवरून दीड तास धरा. गाडी ठेवायची असेल तर एरोमॉलमध्ये.

१०. रस्त्यातच अडकलात तर

मॅपवर दिसायला लागलं की वेळेत पोचत नाही, तर काउंटर बंद व्हायची वाट न बघता गाडीतूनच एअरलाइनला फोन करा. विमान सुटायच्या आधी कळवलं तर बऱ्याच तिकिटांवर पैसे भरून पुढची फ्लाइट घेता येते. न कळवता राहिलात तर नो-शो लागतो आणि बऱ्याचदा परतीचं तिकीटही त्याबरोबर रद्द होतं. म्हणून एअरलाइनचा नंबर आणि पीएनआर फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे असू दे, घाटात रेंज जाते तेव्हा ई-मेल उघडत नाही. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर त्याचा रात्री लागणारा नंबर निघायच्या आधीच मागून ठेवा, ऑफिसचा नंबर सातनंतर कुणी उचलत नाही.